मांडीवरचे पिवळे ठिपके

नाव: झाडबेडूक? (प्रश्नचिन्ह राहू दे.)

नरडाण्याची साक्षी एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तीन आठवडे अनेरकाठचं जंगल पालथं घालत होती. आज सकाळी सागाच्या पानावर हे सापडलं. मार्गदर्शक सरांच्या यादीत या जंगलासमोर त्याचं नाव नव्हतं.

रंग: पांढरट. खोडलं. तपकिरी. ऊन गेलं, खोडलं.

"कितला येळ खोडशी वं माय?" सोबतचे वनाआबा हसले. जुने वनमजूर. "त्याना रंग काय तुना फॉर्मना शे का?"

बोटं: टोकाला गोल चकत्या. त्यांवरच पानाला चिकटलंय. मागच्या पायांना भरपूर पडदा, पुढच्यांना नावापुरता.

डोळे: मोठे. बाहुली आडवी. आपल्याकडेच बघतंय.

मांडीची आतली बाजू: 

इथे गाडी अडली. काळसर जाळीत पिवळे ठिपके असले, तर हे झाडबेडूकच. पण बसलेलं बेडूक मांडी पोटाशी घट्ट मिटून घेतं. उचलून पाय जरासा ताणायचा, बस्स. साक्षीने हात पुढे केला.

"हात लाऊ नको!"

ती दचकली.

"सकायपासून डासनं मलम कोन चोळी राह्यनं?"

कातडीतून पाणी पिणारा जीव. मलमही पिईल. शाळांतून पोरांना हे तीच सांगत फिरायची.

"मग तुम्ही धरा, आबा."

आबांनी तळहात दाखवला. तंबाखूचा चुना.

ओढ्यावर जाऊन हात घासून येईपर्यंत हे कशाला थांबतंय! उरली पिशवीतली बाटली. स्पिरिटची. सर म्हणाले होते, नमुना नाही तर नोंद नाही. नोंद नाही तर प्रबंधात उरतं काय? तिने झाकण काढलं. वास आला.

"बाटलीमा पिवळं दिसी?" आबांनी विचारलं.

"दिसेल. नंतर स्पिरिटमध्ये पिवळा उडून जातो."

"आनि ते बेडूक?"

बाटली हातात तशीच.

"उडी मारू दे ना मंग. पाय उघडाशिवाय कोन उडस?"

एकच उडी. ती गेली की बेडूकही गेलं, नमुनाही. साक्षीने झाकण फिरवून घट्ट बसवलं. मोबाइल सुरू केला. पानाच्या देठाकडून हलकी फुंकर घातली.

पाय लांब झाले. लांबच लांब. मांडीवर मुगाच्या डाळीएवढे पिवळे, काळ्या जाळीत एकेक वेगळा

आणि पान हलत राहिलं.

मोबाइलमध्ये: हलणारं पान. एक तपकिरी रेघ.

"दिसनं?"

"दिसलं सगळं. तुम्हाला?"

"बठ्ठं दिसनं!"

नमुना: नाही.

पाहणारे: साक्षी. वना, वनमजूर. (सही आबांनी स्वतः केली, जीभ दातांत धरून.)

मांडीच्या अजून रिकाम्या रकान्यात ठिपक्यांसाठी पर्याय छापलेले होते, आहे / नाही. सर मान्य करणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. विचारतील, कशावरून? कॉलेजात जिभेवरून घासून काढलेला घरच्या बोलीतला 'आहे' तिने दोन्ही पर्यायांच्या खाली लिहिला.

शे.

हा खोडला नाही.