पुठ्ठ्याखालचं बटण

मी एक जुना रिमोट आहे. पाठीवरचं झाकण हरवलंय, पोटाला रबर बांधलंय आणि मुक्काम एका खणात, संपलेल्या सेलांच्या शेजारी. शेजार काही बोलका नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याशीच बोलावं.

मित्रांनो, कारखान्यातल्या पट्ट्यावरून सरकत आम्ही हजारो भावंडं एकाच तोंडवळ्याची बाहेर पडलो. माझ्या अंगावर बटणंच बटणं होती. त्यातली निम्मी कशाला दिलीत ते आजवर कुणाला कळलं नाही, अगदी मलासुद्धा! पण मी तोऱ्यात होतो. मी ज्याच्या हातात, तो घरचा राजा, असं ऐकून होतो.

मी ज्या घरात आलो तिथे राजे होते बाबा. जन्मभर त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या. इंजिनाची नुसती घरघर ऐकून बिघाड सांगायचे, इतके तिखट कान. एका सकाळी दाढी करता करता ते कोसळले. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. राहिला डावा हात, त्यातही धड चालणारा अंगठाच. तो अंगठा माझ्या वाट्याला आला.

घरात त्यांची लेक होती. ती एका टीव्ही कंपनीत कामाला होती. सकाळ-दुपार एक मावशी येऊन बाबांचं सगळं करून जायच्या. संध्याकाळपर्यंत बाबा, टीव्ही आणि मी.

एकदा बाबांच्या अंगठ्याने भलतंच बटण दाबलं आणि पडद्यावर ते हवं तेव्हा हवं ते दाखवणारं दुकान उघडलं. नुसती चित्रंच चित्रं! कसंबसं एक लागलं, काही वेळाने थांबलं, आणि पडद्यावर प्रश्न आला, ‘अजून बघताय का?’ बाबांना उत्तर देता येईना. संध्याकाळी लेक आली तेव्हा तो प्रश्न तसाच होता.

“अगं बाई! बाबा, दुपारपासून तुम्ही हेच बघत बसलात?” ती कळवळली.

तिला काय ठाऊक, ती दुपार बाबांची किती छान गेली होती! घर शांत होतं. खाली मुलं खेळत होती, कुणाची तरी गाडी सुरू होता होत नव्हती आणि बाबा कान देऊन ऐकत होते. बिघाड त्यांना कळलाही असेल.

पण त्या संध्याकाळी लेकीच्या डोक्यात एक कल्पना शिरली. कंपनीतले मोठे साहेब तेव्हा हातपाय गाळून बसले होते. सगळे आपापल्या मर्जीने बघायला लागले, आता वाहिन्या कोण लावणार? ही फोनवर साहेबांना म्हणाली, “सर, निवडता निवडता माणसं थकतात हो. जेवण गार होतं, तरी काय बघायचं ते ठरत नाही. एकेका आवडीची एकेक वाहिनी काढू. विनोदाची वेगळी, जुन्या चित्रपटांची वेगळी, रहस्यकथांची वेगळी. एकदा लावली की लावली. ‘अजून बघताय का’ म्हणून कुणी हटकणार नाही!”

साहेबांना पटलं. वाहिन्या निघाल्या. रहस्यकथांची तिच्याकडे आली, आकडा सात. पोरगी राबराब राबली. कोणत्या खुनानंतर कोणता खून दाखवायचा, याचीच चिंता तिला जेवतानाही असायची.

आणि बाबा पुन्हा त्या दुकानात अडकू नयेत म्हणून तिने मला पुठ्ठा बांधला. दुहेरी पुठ्ठा, वरून चिकटपट्टी, आणि एकच भोक, सातच्या आकड्यापुरतं. बंद करायचं बटणही झाकलं, आवाजाचंही. टीव्ही लावायचा-बंद करायचा तो ती भिंतीवरच्या बटणानेच. आवाज मात्र आधी चांगला मोठा करून ठेवला. माणूस बोलेनासा झाला की त्याला ऐकूही येत नसणार, असं लोक का धरून चालतात कोण जाणे!

“घ्या बाबा. आता चुकायची भानगडच नाही,” ती म्हणाली. प्रेमाने म्हणाली हो, मी तिथेच होतो.

पुढे माझा भाव वधारला. वाहिनीच्या जाहिरातीसाठी साहेब कॅमेरा घेऊन घरी आले. बाबांना नवा सदरा घातला, केस विंचरले. त्यांचा अंगठा पुठ्ठ्यावर एका जागी दाबत होता, निसटत होता, पुन्हा दाबत होता.

“वा! बाबा कसे रंगून गेलेत बघा,” साहेब म्हणाले. “अहो मॅडम, तुमच्या घरातच आपला नंबर एकचा प्रेक्षक!”

लेक लाजली. भिंतीभिंतींवर माझा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, ‘एकच बटण. बस्स.’ मला तर जीव नकोसा झाला.

कारण मित्रांनो, तो अंगठा कुठे दाबतोय हे एकट्या मलाच कळत होतं. लेक संध्याकाळी यायची, स्वयंपाकघरातून दिवसभराचं सांगत राहायची. पडद्यावर कुणी किंचाळायचं, कुणी गोळी झाडायचं, आणि तिचं बोलणं त्यात बुडायचं. बाबा त्याच वेळी जीव खाऊन दाबायचे. धडधाकट माणसाने जोर केला असता तर दुहेरी पुठ्ठाही दबला असता. त्या अंगठ्यात तेवढी ताकद नव्हती.

दिवस पालटले. सातला प्रेक्षक लाभेनात. एका संध्याकाळी ती आली ती चपला न काढताच ओट्यापाशी गेली.

“बाबा, सात बंद करतायत,” ती म्हणाली. “मलाही घरी बसा म्हणालेत. काय करू हो मी?”

पडद्यावर पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजत होता. बाबांना तिच्या आवाजातलं रडणं तेवढं कळलं, शब्द कळले नाहीत. त्यांनी इतका जोर लावला की मी हातातून निसटून खाटेखाली गेलो. झाकण उडालं ते तेव्हाच. लेक डोळे पुसत आली, मला रबर लावलं आणि पुन्हा त्यांच्या मुठीत दिलं.

“पडला होय? घ्या, बघा तुम्ही.”

दुसऱ्या दुपारी मावशी निघाल्या तेव्हा बाबांचे डोळे पडद्याकडे होते. बघतायत, बघू देत, म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं. त्यानंतर थोड्या वेळाने अंगठा थांबला. मी हातातच होतो. हात गार होत गेला आणि सातवर खुनी सापडला, दुसरी गोष्ट लागली, तिचाही खुनी सापडला. कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी लेक आली. चहा ठेवता ठेवता कितीतरी वेळ त्यांच्याशी बोलत राहिली. मग कप घेऊन बाहेर आली.

शेजारी धावत आले, डॉक्टर आले. टीव्ही चालूच होता. “अगं, तो बंद कर आधी,” कुणीतरी म्हणालं. भिंतीवरच्या बटणापाशी माणसांची दाटी होती, म्हणून तिने मला उचललं, बंद करायला पुठ्ठा ओरबाडून काढला, आणि थबकली. पुठ्ठ्यात एका जागी खोल खड्डा पडला होता. अंगठ्याएवढा. तिने पुठ्ठा पुन्हा माझ्यावर बसवून बघितला. खड्ड्याखाली बंद करायचं बटण नव्हतं. दुसरी वाहिनी लावायचंही नव्हतं. आवाज घालवायचं बटण होतं.

तिने ते दाबलं. खोली एकदम शांत झाली. नळ ठिबकत होता, खाली मुलं खेळत होती. त्या खोलीत स्वयंपाकघरातलं साधं बोलणंही ऐकू आलं असतं, हे तिला तेव्हा कळलं.

“तुम्हाला माझं ऐकायचं होतं का हो, बाबा?” तिने विचारलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी प्लास्टिकचा, मला काय धाड भरलीय! पण तुमच्या घरात कुणी न बोलता पडद्याकडे बघत बसलेलं असेल, तर त्याला रमलेलं समजू नका. आवाज घालवा, शेजारी बसा आणि विचारा, ‘अजून बघताय का?’ आणि उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.