नऊ खरपुड्यांचा पंचनामा

१९४४ च्या भाद्रपदात मिरजगावपलीकडच्या टेकडीवर खरपुडी या रानकंदाची नऊ झाडं उरली होती. आकडा नृसिंह मास्तरांचा होता, म्हणजे बिनचूक होता. शाळा सुटली की ते टेकडी चढत आणि मोजत. पाच वर्षांपूर्वी दोनशेच्या वर भरली होती. मग ‘अधिक धान्य पिकवा’चा हुकूम निघाला, गायरानं नांगराखाली गेली आणि खरपुडीला एवढा उतार राहिला. आता त्याचीही पाळी होती.

मास्तरांनी कचेरीत अर्ज केला: झाड दुर्मिळ आहे, फूल कंदिलासारखं आहे, आसपास दुसरीकडे राहिलेलं नाही, एवढा उतार सोडावा. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं. नऊ झाडे जागेवर असल्याचा पाच पंचांसमक्ष पंचनामा पाठवावा, मग विचार होईल. त्या दिवशी मास्तरांनी मुलांना अर्धी सुट्टी दिली.

पंचांचे म्होरके गनीभाई. डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीवर त्यांनी उभ्या जन्मात अंगठा दिला नव्हता. म्हणूनच मास्तरांनी त्यांना गळ घातली होती.

ठरल्या दिवशी मास्तर श्रीमंत नावाच्या तलाठ्यांना घेऊन दहाला टेकडीवर पोचले. पंच उजाडताच येऊन बसले होते. पुढ्यात फडकं, फडक्यावर गड्ड्यांच्या फोडी, बाजूला नऊ खड्डे.

“हे काय केलंत, गनीभाई?”

“खात्री केली. पाला तर गवतावानी, त्याच्यावर कोन इस्वास ठेवील? खरपुडी वळखायची गड्ड्यावरनं.”

“पण नऊच्या नऊ?”

“नऊ तुमीच लिवलंय. आठ बघून नवाला अंगठा दिऊ व्हय?”

“आन् चाखल्याबिगर कसं कळनार?” दुसरे पंच गोरक्ष म्हणाले. “एकानं खायचं आन् चौघांनी माना डोलवायच्या, असला पंचनामा आमी करत न्हाई. लई ग्वाड हाय, मास्तर. तुमच्यापुरती फोड ठिवलीया.”

मास्तर खाली बसले. उरलेल्या फोडी एकेक करून त्यांनी उलटून पाहिल्या. पुन्हा लावण्याजोगी एकही नव्हती. शेंगा धरायला अजून महिना होता.

श्रीमंतांनी लिहायला घेतलं होतं. ‘नऊही झाडे समक्ष खणून, कापून व चाखून खात्री केली. सदर वनस्पती जागेवर आहे.’

“आहे?” मास्तरांनी विचारलं.

“‘होती’ लिहिलं तर उतार गेला,” श्रीमंत मान वर न करता म्हणाले. “बोला, सही करताय?”

मास्तर वर्गात चुकीच्या एका आकड्यासाठी पाढा पुन्हा म्हणायला लावत. पण एखादा गड्डा पंचांच्या नजरेतून सुटलाही असेल, आणि नांगर फिरला तर तोही जाईल. त्यांनी सही केली.

दिवाळीआधीच हुकूम आला. उतारावर नांगर बंद, चराई बंद, खणणं बंद. राखण गनीभाईंनी आपणहून अंगावर घेतली.

पुढच्या भाद्रपदात मास्तर टेकडी चढले तेव्हा गनीभाई काठी आडवी धरून उभे होते.

“आत पाय न्हाई टाकायचा, मास्तर.”

“अहो, आलीय का बघतो.”

“यील की. रानाचं हाय, त्याला कोन पेरतं? यंदा न्हाई तर पुढल्या साली. पर तुडवलं तर कवाच न्हाई यायची.”

मास्तर कडेला उभे राहून बघत राहिले. गवत उत्तम आलं होतं.