मालूच्या मांडवावर पडलेली बाही

१९४४ सालच्या उन्हाळ्यात पनवेलच्या खाडीकाठी हवाई दलाची एक छोटी तुकडी तंबू ठोकून राहिली होती. लढणं हे तिचं काम नव्हतंच. नव्या बंदूकवाल्यांना नेम शिकवायचा, एवढंच. विमानामागे लांब तारेनं पांढऱ्या कापडाची भलीमोठी नळी बांधायची, ती आकाशात फिरवायची आणि खालून पोरांनी तिच्यावर गोळ्या झाडायच्या. जवळच्या रोडपाली गावचे लोक त्या नळीला 'बाही' म्हणत. सराव संपला की वैमानिक ती मिठागरापलीकडच्या माळावर सोडून देई आणि तुकडीचा लॉरीवाला, पनवेलचा अमजद, लॉरी घेऊन जाऊन ती उचलून आणी.

रोडपालीच्या तुळशीरामच्या मुलीचं, मालूचं, लग्न होतं त्या दिवशी वारा फिरला. बाही माळ सोडून थेट मांडवावर आली. दोन खांब आडवे झाले, छताचं कापड फाटलं, हळदीचं ताट उलथलं, नवरदेव मुंडावळ्यांसकट कापडाखाली गेला.

अमजद धावत आला. "माफ करा, तुळशीरामभाऊ. कापड सरकारी हाय, न्यावं लागंल."

लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी भीमाबाई बाहीवरच बसली. "तिला मालूची हलद लागली. आता ती आमची करवली. लगीन लागल्याबिगर जायाची नाय. जा, तुझ्या सायबाला सांग."

साहेब आला. फ्लाइंग ऑफिसर दिनानाथ, गिरगावचा, मिसरूड नुकतंच फुटलेला. बाही सोडणारा वैमानिक तोच. आवाज जड करून म्हणाला, "बाई, त्यावरची गोळ्यांची भोकं मोजायची आहेत. वरिष्ठ वाट बघताहेत."

"मोजा की!" भीमाबाई उठली.

बायकांनी बाही पसरली. दिनानाथनं ती नीट बघितली, उलटी करून पुन्हा बघितली. भोक एकही नव्हतं. भीमाबाईनं सूर लावला:

"बंदुकी वाजल्या धडाधडा गो,
बाहीला लागंना एक खडा गो!"

मांडवात हशा पिकला. दिनानाथचे कान लाल झाले. "नवीन आहेत हो पोरं अजून."

"पोरांचं जाऊं द्या," तुळशीराम म्हणाला, "तुमचा नेम झ्याक हाय!"

मग मात्र दिनानाथलाही हसू आवरेना. त्यानं टोपी काढली, पडलेला खांब उभा केला. मांडवाच्या फाटक्या जागी बाहीच ताणून बांधली आणि अक्षता पडेपर्यंत तो खांब धरून उभा राहिला. जेवून, वर आग्रहाचं वाढलेलंही संपवून तो आणि अमजद बाही घेऊन परतले. वरिष्ठांनी विचारलं, "हे पिवळे डाग कसले?"

"खाडीचं पाणी, सर," दिनानाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मालू बैलगाडीतून आपट्याला सासरी निघाली. रडून रडून डोळे सुजले होते. तेवढ्यात डोक्यावर घरघर झाली. विमानामागे पिवळट बाही फडफडत होती. गाडीवरून जाताना विमानाचा पंख जरासा कलला.

मालू रडायची थांबली. नव्या नवरीनं भर रस्त्यात दोन्ही हात वर करून हलवले. सासूनं "पदर सावर" म्हणून दटावलं, तरी विमान कर्नाळ्याच्या सुळक्यामागे जाईपर्यंत ती बघत राहिली.