वडील सीरियस, लगेच या

“आप कुछ नक्को बोलो. फोनवाला जो लिखाया वोइच टाइप किए, बोलके मैं बोल देता,” मॅनेजर म्हणाले आणि काचेतून बाहेर बाकावर बसलेल्या माणसाकडे त्यांनी पाहिलं.

एकनाथरावांनी मान हलवली. कारखाना बंद पडल्यावर चोपन्नाव्या वर्षी मिळालेली नोकरी. नारायणगुड्यातल्या पेजर ऑफिसात लोकांचे फोन घ्यायचे. तेलुगू, उर्दू, मराठी, जे येईल ते ऐकायचं, आणि इंग्रजीत टाइप करून ज्याच्या त्याच्या पेजरवर पाठवायचं. कायम व्हायला अकरा दिवस बाकी.

ऐकलं: वडील वारले. घरीच. दफन आजच दुपारी उशिरा, असरच्या नमाजानंतर.

टाइप केलं: फादर सीरियस. कम सून.

फोन बाकावरच्या त्या माणसाच्या चुलत्याचा होता, पीसीओवरून.

खोटं लिहावं असं एकनाथरावांच्या मनात नव्हतं. अडुसष्ट साली त्यांनाही अशीच तार आली होती. उदगीरपर्यंत सहा तास ते एसटीत आशेवर बसून होते, आणि वडील ओसरीवर, मुलासाठी थांबवून ठेवलेले. वारले असं तारेत कोणी लिहीत नसे. घरच्यांनी त्यांना ते सहा तास दिले होते. तेच त्यांनी या अनोळखी मुलाला दिले.

तक्रार आली त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या तहसीननं उघडलेला डबा परत झाकला. मग म्हणाली, “हमारे में दफन कू रुकते नहीं, एकनाथभाई. बेटे के वास्ते भी नहीं. मेरे कू एक बार पूछ लेते.”

सात महिने शेजारी जेवत होते. विचारण्यासारखं काही आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं.

आता मॅनेजर बाहेर जाऊन त्या माणसाशी बोलू लागले. एकनाथराव मागोमाग आले.

“गलती मेरी है,” ते म्हणाले, आणि सगळं सांगितलं. तारही, ओसरीही. मॅनेजर आत गेले. आता अकरा दिवस मोजायचं कारण उरलं नव्हतं.

तो माणूस तिशीचा, मांडीवर औषधकंपनीची बॅग. त्यानं आवाज चढवला नाही.

“सीरियस पढ़के मैं चाय पिया, चचा. फिर दवाखाने में वॉर्डां ढूंढता फिरा. घर पहुंचा तो लोगां कब्रस्तान से वापस आ रे थे.”

तहसीननं पाण्याचा ग्लास आणून ठेवला. त्यानं तो घेतला नाही.

“मेरे चाचा क्या बोले थे? उनकेइच अल्फाज में बोलो.”

एकनाथराव बाकावर त्याच्याशेजारी बसले. फोनवर ऐकलं होतं तेवढ्याच संथपणे म्हणाले, “भाईजान गुजर गए. घर में हैं. असर के बाद मिट्टी है. बच्चे कू बोलो, जल्दी आ जाओ.”

असरला अजून वेळ आहे का बघावं तसं त्या माणसानं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. उठायला लागला, आणि अर्धवट उठलेला तसाच राहिला.