जर्मनमध्ये निरोप

गोव्यात पेडण्याच्या बाजारात शंभू परबाने वीस-बावीस वर्षं जर्मन विकलं होतं. म्हणजे ॲल्युमिनियमचे टोप, पातेली, पेजेचे डबे. त्यामुळे त्याच्या मुलीने, गौरवीने, अकरावीला जर्मन भाषा घेतली तेव्हा बाजाराला ते धंद्याचंच शिक्षण वाटलं.

"शंभू, तुजा चेडू शाळेत जर्मन शिकता म्हणतत, ता खराच?" शेजारच्या दुकानातल्या कमलाक्षीने विचारलं. "मगे टोपाक पोचे पडले तर घेवन येतंय हां."

खरं कारण साधं होतं. बारावीनंतर जर्मनीत नर्सिंगचं शिक्षण मिळतं आणि वर पगारही देतात, असं शाळेने पालकसभेत सांगितलं होतं. पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात जाणं ज्यांच्या नशिबात नव्हतं, अशा पालकांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या. शंभूनेही वाजवल्या. पण गौरवीने तो विषय घेतला तो आईसाठी. आईच्या शेवटच्या दिवसांत तिने नर्सबायांनाच काय ते धड काही करताना पाहिलं होतं.

वर्गात तिची गाडी छान चालली. अडली एका शब्दावर. तोंडी परीक्षेत वर्षा मॅडमनी पाहुण्याचा प्रसंग दिला: चहा घ्या, गप्पा मारा, निरोप घेऊन निघा. गौरवी सगळं बोलली आणि शेवटी "इश कोमे" म्हणून दाराबाहेर पडली. इश कोमे म्हणजे मी येते. वर्ग हसला. मार्क कापले गेले.

मॅडमनी शंभूला बोलावून घेतलं. "तीनदा सांगितलं, जर्मनमध्ये निघताना 'मी जाते' म्हणतात. इश गेऽ. मुलाखतीत ही 'येते' म्हणाली, तर समोरची बाई म्हणेल, बरं, ये, बस. हुशार आहे हो, पण इथे हट्टाला पेटते."

शंभू "बघतो" म्हणाला. हट्ट कसला ते त्याला माहीत होतं. शेवंतीला, गौरवीच्या आईला, बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेत होते तेव्हा अँब्युलन्समध्ये चढता चढता, धाप लागलेली असताना, ती मुलीला "जाते गे" म्हणाली होती. कमलाक्षी मागून ओरडली होती, "येते म्हण गे!" पण दार लागलं होतं.

तेव्हापासून घरात तो शब्द नव्हता. गौरवी 'लाईट गेली' असंही म्हणत नसे. लाईट नाही म्हणे. शाळेची बससुद्धा तिच्या बोलण्यात कधी जात नसे, फक्त यायची.

संध्याकाळी शंभूने तिला दुकानाच्या उंबऱ्यावर उभं केलं. "म्हण."

"इश..."

"पुढे?"

"नको ना बाबा."

"अगे, तिकडे सगळा देश रोज तेच म्हणतो. मेले का सगळे?"

"त्यांच्याकडे दुसरी सोय नाही."

शंभूने विचार केला. "हे बघ. आपल्या भगवतीला मराठी कळतं, कोंकणी कळतं. पोर्तुगीजही थोडं कानावर पडलं असेल. जर्मन तिला कुठलं कळायला? बिनधास्त म्हण."

गौरवीला हसू आलं, पण शब्द आला नाही. मग शंभूच उंबऱ्याबाहेर उतरला. "इश गेऽ!" असं बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला आणि पोदेराकडून पाव घेऊन परत आला. "बघ. आलो की नाही?"

मग ते रोजचंच झालं. तो "इश गेऽ" म्हणून पाव आणायचा, दूध आणायचा, काही नसलं तर कोपऱ्यापर्यंत उगाच जाऊन यायचा. कमलाक्षी म्हणाली, "बायल गेली, आता हेचा डोक्या पण गेला." बऱ्याच दिवसांनी एकदा गौरवी उंबरा उतरली, डोळे मिटून "इश गेऽ" म्हणाली आणि दोन दुकानं ओलांडून पळत परत आली. आत येऊन बापाचा शर्ट धरून ती किती तरी वेळ रडली. शंभूला वाटलं, जमलं.

जमलंच. मुलाखतीत पडद्यावरच्या जर्मन बाईने तिच्या उच्चारांचं कौतुक केलं. मोपाच्या विमानतळावर मात्र गौरवीने वाकून नमस्कार केला आणि स्पष्ट मराठीत "येते बाबा" म्हणाली. शंभूने "ये" म्हटलं आणि तिची बॅग दिसेनाशी होईपर्यंत काचेला नाक लावून उभा राहिला.

मग रविवारचे फोन. हॉस्पिटल, म्हाताऱ्या पेशंटांच्या खोड्या, बर्फ. शेवटी दर वेळी "येते हां", आणि इकडून "ये". त्या दोन शब्दांसाठीच शंभू बाकीचं ऐकून घ्यायचा.

दुसऱ्या वर्षी चतुर्थीला ती येणार होती. रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षी बघू, म्हणाली. बोलताना मध्येच कुणाशी तरी जर्मनमध्ये हसली आणि तिकडचं वाक्य अर्धं राहिल्यासारखी घाईने इकडे वळली. "चल बाबा, बोलावतायत. जाते."

"येते म्हण गे!" शंभू ओरडला. पण फोन बंद झाला होता.

दुकानाच्या पायरीवर एक गिऱ्हाईक बाई उभी होती. ती दचकली. "माका म्हणतास?"

"नाही," शंभू म्हणाला. "तुम्हाला काय हवं?"

"जर्मनचो टोप. पेजेक."

त्याने वरच्या फळीवरचा टोप काढला, पंच्याने पुसला. पोचा वगैरे नाही ना, म्हणून बाईने तो उजेडाकडे धरून फिरवून फिरवून पाहिला.

"बरा आसा," ती म्हणाली, आणि टोप पिशवीत घालून पायऱ्या उतरताना सवयीने म्हणाली, "येतंय हां."

"या," शंभू म्हणाला. "नक्की या."