निळ्या भिंतीवरची चौकट

“मॅडम, भिंतीला हात लावू नका, रंग ओला आहे अजून,” शिपाई दारातूनच म्हणाला.

मॅडमनी हात मागे घेतला, पण पाय काही निघेना. नव्या प्रयोगशाळेत चाळीस कोरे संगणक ओळीनं मांडले होते, खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. सगळं कंपनीनं दिलेलं. फळा मात्र कुठे दिसत नव्हता. शिपायाला विचारलं तर म्हणाला, कंपनीच्या यादीत फळा नाही, पडदा आहे.

मॅडमना कॉलेजात सगळे मागून चौकटबाई म्हणत आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. चोवीस वर्षं त्या पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवत होत्या आणि चोवीस वर्षं एकच रीत. प्रोग्राममध्ये एखादं नाव आलं की फळ्यावर चौकट काढायची, वर नाव लिहायचं, आत आकडा. आकडा बदलला की पुसायचा आणि नवा लिहायचा. संगणकाच्या पोटात काय चाललंय ते मुलांना धडधडीत दिसायचं. कितीतरी पोरं त्या चौकटींच्या जोरावर नोकरीला लागली. पण ज्या जुन्या प्रोग्रामिंगच्या भाषेत हे सगळं चालायचं, तिचे गोडवे मॅडम गात बसल्या नाहीत. ती तरी कुठे त्यांनी निवडली होती? त्या काळी एका कंपनीनं खोकंभर डिस्क फुकट पाठवल्या, विद्यापीठानं ती भाषा अभ्यासक्रमात घातली आणि एका अख्ख्या पिढीचं पोटपाणी ठरून गेलं. आता दुसरी कंपनी दुसरी भाषा घेऊन आली होती, एवढंच.

त्यामुळे भाषा बदलली की चौकटबाई रुसून बसणार, अशी जी कुजबुज स्टाफरूममध्ये चालली होती, तिचं त्यांना हसू यायचं. सबंध सुट्टी त्यांनी लेकीच्या मागे लागून नवी भाषा शिकण्यात घालवली होती. लेक नोकरीत तीच वापरायची. ती कामावरून येऊन चप्पल काढते न काढते तोच मॅडम वही घेऊन हजर. एक चूक तर त्यांनी दोन दिवस शोधली, आणि सापडली तेव्हा गॅसवरचं दूध ओट्यावरून खाली ओघळलं तरी त्यांना पत्ता नव्हता. “आई, तू काय परीक्षेला बसणार आहेस का?” असं लेकीनं वैतागून विचारलं होतं. परीक्षा कसली, पहिल्या तासाला काय काय सांगायचं ते मॅडमच्या डोक्यात तयार होतं आणि तो तास कधी येतोय असं त्यांना झालं होतं.

आणि आज सकाळी प्राचार्यांनी बोलावून कंपनीशी व्हायच्या करारातलं एक कलम दाखवलं. नव्या भाषेचे तास कंपनीच्या व्हिडिओंवर होणार होते. जिथे ते व्हिडिओ जसेच्या तसे चालतील, तिथल्याच मुलांना कंपनी मुलाखतीला बोलावणार होती. मॅडमनी हजेरी घ्यायची आणि शेवटी संगणक बंद झालेत ना ते बघायचं. सह्या चार वाजता. भाषा गेल्याचं दुःख त्यांना नव्हतंच, पण शिकवायचंच नाही तर आपण त्या वर्गात करायचं काय? आणि मुलांच्या नोकऱ्यांचा प्रश्न असताना नको तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

दोन वाजता नमुन्याचा तास होता. कंपनीचा प्रशिक्षक बघून मॅडमचा चेहरा उजळला. हा तर त्यांचाच विद्यार्थी, प्रोग्राम सगळ्यांत शेवटी पुरा करायचा म्हणून वर्गानं कासव नाव ठेवलेला. आता अंगात कोट आणि गळ्यात ओळखपत्र. “तुम्ही बसा ना मॅडम,” म्हणत त्यानं ओशाळल्यासारखी मागची खुर्ची दाखवली. मॅडम हजेरीपट मांडीवर घेऊन बसल्या. शेजारी प्राचार्य होते.

धडा सोपा होता. वर्गातल्या मुलांच्या मार्कांची एक यादी करायची, दुसऱ्या नावानं तिचीच एक नक्कल करायची आणि त्या दुसऱ्या यादीत प्रत्येकाला पाच मार्क वाढवायचे. पहिल्या बाकावरच्या मुलीनं व्हिडिओतलं न बघता आपल्या मनानं प्रोग्राम लिहिला, आणि बघते तर दोन्ही याद्यांत मार्क वाढलेले. मी जुन्या यादीला हातसुद्धा नाही लावला, असं ती पुन्हा पुन्हा सांगू लागली. कासवानं येऊन एक शब्द घालून दिला आणि सगळं सुरळीत झालं.

“इथे हा शब्द लिहायचा, एवढं लक्षात ठेव,” तो म्हणाला.

“पण का?” मुलीनं विचारलं.

पडद्यावर पुढचा धडा सुरू व्हायला तीस सेकंद उरले होते. कासवानं पडद्याकडे बघितलं आणि तो पुढच्या बाकाकडे वळला.

मॅडमना खुर्चीत बसवेना. दूध ओतू गेलं ते ह्याच चुकीपायी. त्या उठल्या, पर्समधून लाल खडू काढला, फळा शोधला, फळा नव्हताच. मग सरळ त्या कोऱ्या निळ्या भिंतीवर, सकाळी ओल्या आणि आता वाळलेल्या रंगावर, त्यांनी हातभर चौकट ओढली. प्राचार्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“ह्या चौकटीत सगळ्यांचे मार्क,” मॅडम म्हणाल्या. “तू दुसरं नाव दिलंस आणि तुला वाटलं दुसरी चौकट झाली. झालीच नाही. चौकट तीच, नावं दोन. तुला घरी काय म्हणतात गं?”

“छकुली,” मुलगी हळूच म्हणाली. वर्गात खसखस पिकली.

“घरी छकुली जेवली तर इथे तू उपाशी राहतेस का? तसंच हे. दुसरी चौकट हवी असेल तर मागून घ्यावी लागते. सरांनी घातलेला शब्द तेच मागतो. जुन्या भाषेत न मागता मिळायची, म्हणून मीसुद्धा दोन दिवस इथेच अडकले होते.”

मुलगी भिंतीकडे बघत राहिली आणि मग तिचा चेहरा असा फुलला की मॅडमना चोवीस वर्षांचा पगार त्या एका क्षणात मिळाल्यासारखं वाटलं. मागून दुसऱ्यानं शंका विचारली, मग तिसऱ्यानं. मॅडमच्या हाताला उसंत नव्हती, भिंतीवर बाणांवर बाण निघत होते. पडद्यावरचा पुढचा धडा सुरू झाला होता. करारात ‘जसेच्या तसे’ लिहिलेलं असूनही कासवानं पुढे होऊन तो थांबवला आणि कडेला, स्वतः विद्यार्थी असताना उभा राहायचा तसाच, हाताची घडी घालून उभा राहिला.

चार वाजता सह्या झाल्या. कलम एका अक्षरानंही बदललं नाही. प्राचार्य भिंतीवरून मॅडमना बोलले, आणि मॅडमनी खाली मान घालून ऐकून घेतलं, कारण चूक त्यांचीच होती. कागद आवरताना कासव मात्र मध्येच म्हणाला, “सर, तास पन्नास मिनिटांचा आणि आमचा व्हिडिओ चाळीसचा. वरच्या दहा मिनिटांचं करारात काही नाही. ती मॅडमची.”

प्राचार्यांनी करार पुन्हा चाळला आणि मान हलवली. मॅडमना मनापासून आनंद झाला. पन्नासाची दहा झाली हेही त्यांना कळत होतं, आणि त्याचं वाईटही वाटत होतं. तरी त्यांनी एवढंच विचारलं, जुना फळा इकडे आणला तर चालेल का.

सोमवारी फळा आला. शिपायानं कितीही ओल्या फडक्यानं पुसला तरी चोवीस वर्षांच्या चौकटी त्याच्यावर पुसट दिसतच होत्या. मॅडमनी हजेरी घेतली आणि मागच्या खुर्चीवर बसून चाळीस मिनिटं व्हिडिओ बघितला. तो संपला तेव्हा त्या उठल्या आणि खडू शोधत बाकांमधून पुढे निघाल्या. जाताना सहज नजर गेली तर छकुलीच्या वहीत एक चौकट काढून तयार होती. तिच्या शेजारणीच्या वहीतही होती, आणि त्यांच्या मागच्यांच्याही. प्रत्येक चौकटीवर नावाची जागा रिकामी सोडलेली होती.

मॅडमनी घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं होती. त्या फळ्याकडे वळल्या.