लाल फुलीची बोरिंग

मी बोरिंग बोलतेय. सरकारी कागदात माझं नाव हातपंप आहे, पण काटीपाड्यात मला त्या नावाने कुणी ओळखत नाही. झरीहून उधव्याकडे निघालात की डावीकडे समाजमंदिराचा पत्रा चमकतो. त्याच्या अंगणात मी उभी आहे. एक लोखंडी दांडी, एक सिमेंटचा ओटा, आणि बाकीची दोनशे दहा फूट मी जमिनीखाली. वरून बघणाऱ्याला मी कमरेइतकीच वाटते, त्याला माझा इलाज नाही.

एक आधीच सांगून टाकते. मी फार दचकते. आमच्याकडे जमीन अधूनमधून हलते, ते तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. भांडी पडतात, माणसं अंगणात धावतात, आणि घटकाभराने पुन्हा आपापल्या कामाला लागतात. मला मात्र ते खालून आधी कळतं. दांडी आपोआप खडखडते आणि मग दिवसभर कुणी नुसता हात लावला तरी मी किंचाळते. भिकीआजी म्हणते, "आपली बोरिंग भित्री हाय. त्या दक्षासारखी." दक्षाला ते आवडत नाही. मलाही नाही.

माझा जन्म धुळीत झाला. मशीनची गाडी आली आणि काळा पत्थर फोडत खाली निघाली. राखाडी धूळ उडत होती, पाण्याचा पत्ता नव्हता. अर्धी माणसं घरी निघून गेली. मग एका बारीक फटीला टोक लागलं आणि धुळीचा चिखल झाला. खरं सांगायचं तर मी म्हणजे ती फट. बाकी सगळं लोखंड.

पुढे काही वर्षांनी फट आटायला लागली. पाणी खात्याची गाडी आली, माझ्या घशात जाड पाइप सोडला आणि प्रचंड जोराने पाणी आत कोंबलं. मला वाटलं, आता मी फुटते. फुटले नाही. फट रुंद झाली, पाणी वाढलं. पण जाताना साहेबांनी माझ्या ओट्यावर लाल रंगाची फुली मारली आणि बायकांना बजावलं, "नमुना तपासून येईपर्यंत हे पाणी प्यायचं नाही. लाल म्हणजे नाही. लक्षात ठेवा." बायकांनी पंधरा दिवस थेंब तोंडात घेतला नाही. मग ते परत आले, फुली खरवडली, हिरवा ठिपका दिला, तेव्हा कुठे हंडे वाजले.

बायकांनी ते लक्षात ठेवलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मधल्या काळात दारोदार नळ आले. नवेकोरे. पाणी टाकीच्या कामावर अडलंय म्हणतात. संगीता आपल्या नळाला बकरी बांधते. बकरी तिथे फार शांत राहते, एवढं श्रेय नळाला द्यायलाच हवं.

या उन्हाळ्यात नारिंगी जाकीटवाले आले. त्यांच्याकडे तारांची भेंडोळी होती आणि मुठीएवढ्या डब्या. डब्या रांगेत जमिनीत खोचायच्या, लांबवर जमीन ठोकायची, आणि आवाज खालून कसा परत येतो ते ऐकायचं. ठोका पडला की मी दचके, पण कुतूहलही तेवढंच वाटे. दोनशे दहा फुटांपर्यंतचा दगडन् दगड मला माहीत आहे. त्याच्या खाली काय असेल? मी कधी विचारच केला नव्हता. ही माणसं दोन-दोन, तीन-तीन हजार मीटरच्या गोष्टी करत होती. तिथे गॅस असेल म्हणे. मीही कान देऊन बसले. ऐकू आला तो फक्त ठोका.

त्यांचा मुकादम नविनभाई, गुजरातेतल्या उंबरगाव बाजूचा. त्याच्या माणसाने एके सकाळी माझ्या ओट्यावर लाल फुली मारली, खाली एक आकडा लिहिला आणि रंगाचा डबा उचलून पुढे गेला.

थोड्या वेळाने भिकीआजी हंडा घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली.

"लाल मारला."

"कोणी?" मागून कमळी म्हणाली. तिला आठवा महिना होता.

"खात्याचीच मानसं. जाकीट व्हतं अंगात."

"पन कालच तर पेलो आपन."

"काल लाल नव्हता," भिकीआजी म्हणाली आणि वळली.

त्या दिवसापासून सगळ्या ओहळात जाऊ लागल्या. वाळूत झिरा खोदायचा, वाटीवाटीने हंडा भरायचा, चढण चढून यायचं. कमळी दिवसाला दोन खेपा करायची आणि माझ्या ओट्याशी टेकून दम घ्यायची. माझ्या पोटात पाणी होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

आता दक्षाचं सांगते. तलासरीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, पाड्याची जलसुरक्षक. पाणी तपासायच्या बाटल्यांची पेटी तिच्याच घरी. ती रोज माझ्यासमोर यायची, फुलीकडे बघायची, नविनभाईकडे बघायची, ओठ हलवायची, आणि परत जायची. वरून कुणी तपासलं असेल, आपण मध्येच विचारलं तर काय म्हणतील, असं तिला वाटायचं. बायका तिला विचारत नव्हत्या, कारण फुली मारलीय म्हणजे दक्षाला माहीत असणारच. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी समाजमंदिरात ग्रामसभा भरली. गॅस शोधणाऱ्यांचे एक तरुण साहेब आले होते, बोलायला गोड. त्यांनी भिंतीवर नकाशा लावला.

"आत्ता नुसता शोध चाललाय," ते म्हणाले. "गॅस मिळाला आणि खडकात अडकलेला असला, तर पाणी, वाळू आणि थोडी रसायनं मोठ्या जोराने आत सोडून खडकाला बारीक भेगा पाडतात. फ्रॅकिंग म्हणतात त्याला. घाबरायचं काही नाही. तुमच्याकडच्या बोरिंगांचं पाणीसुद्धा असंच जोर लावून वाढवलेलं असतं."

मी दचकले. सगळ्यांदेखत माझी गोष्ट निघाली होती. अभिमान वाटू द्यावा की लाज, ते कळेना.

"आणि नियम आहे. पाण्याची चालू जागा असेल तर तिच्यापासून अंतर सोडूनच खोदायचं," साहेब पुढे म्हणाले. "पण या पाड्यात चालू जागा नाहीच. एक हातपंप आहे, तो बंद."



"बंद?" भिकीआजी उठलीच. "कोन बोलला बंद?"

नविनभाई हात जोडून म्हणाला, "आजी, अकरा दिवस आम्ही इथेच हतो. एक हंडा आला नाय."

"लाल मारल्यावर कोन येल? तुजी आय येल?"

"लाल? ए तो अमारो पॉइंट छे, आजी! मोजायची निशाणी."

दक्षा उभी राहिली. उठताना खुर्ची पडली आणि त्या आवाजाने तीच दचकली. "सर... आमच्याकडे लाल म्हणजे पिऊ नका. खात्यानेच शिकवलंय. बायकांची चूक नाही. मी विचारायला हवं होतं. मी... विचारलं नाही."

साहेबांनी कागद चाळले. "नोंद तर झालीय. चालतो, हे दाखवता येईल?"

सगळी सभा अंगणात आली. दक्षाने दांडी धरली. मी मात्र घाबरले होते. कारण मला एक माहीत होतं, ते तिला नव्हतं. अकरा दिवस हात न लागल्याने पाणी पाइपातून खाली उतरलं होतं, आतले चामड्याचे वायसर सुकले होते. दहा टोले झाले. वीस झाले. माझ्या तोंडातून नुसता वारा. तीस. दक्षाच्या कपाळाला घाम.

"कागद बरोबर बोलतोय बहुतेक," मागून बाळ्या म्हणाला. भिकीआजीचा हा पुतण्या, त्याला कुठेही थट्टाच सुचते.

"तू गप रे!" भिकीआजी पुढे आली. "आन पोरी, असं हानू नको तिला. भित्री हाय ती. जोर नको, लांब मार. सावकास."

तिने आपला हात दक्षाच्या हातावर ठेवला. लांब, सावकाश. अडतीस. चाळीस. एक्केचाळीसला माझ्या पोटात काहीतरी हललं. बेचाळीसला ते घशाशी आलं. त्रेचाळिसाव्याला मी ओकले, आधी गंजाचं तांबडं, मग मातकट, मग स्वच्छ. बायका ओरडल्या. नविनभाईसुद्धा टाळी वाजवून बसला.

कमळीने हंडा पुढे केला. दक्षाने तो अडवला. "आज नको, काकी. बाटली लावते. दोन दिवस थांबू." आणि बायका थांबल्या. बघा, चुकल्या असं म्हणवत नाही मला. शिकवलेलं त्यांनी पाळलं होतं.

साहेबांनी 'बंद' खोडून 'चालू' लिहिलं.

"सर, तारीखपण टाका," दक्षा म्हणाली. मग तिलाच धीर आला. "आणि तेव्हा नुसतं पाणी सोडलं होतं, तरी आम्हाला पंधरा दिवस थांबवलं. रसायनं सोडाल तेव्हा नमुना कोण घेणार? आणि तोवर आम्ही काय प्यायचं?"

साहेबांनी तिच्यापुढे कोरा कागद केला. "हे लिहून द्या," ते म्हणाले. तिने तिथेच, माझ्या ओट्यावर कागद ठेवून लिहिलं. सभेने ठराव केला, अंगठे आणि सह्या झाल्या.

बाटली काळी पडली नाही, म्हणजे पाणी चांगलं. तिसऱ्या दिवशी भिकीआजीने दगडाने फुली घासली. रंग पूर्ण गेला नाही, अजून गुलाबी दिसते. कमळीला मुलगी झाली, तिच्या पहिल्या अंघोळीचं पाणी माझं होतं.

दक्षाच्या प्रश्नाला उत्तर अजून आलेलं नाही. मशीन येणार की नाही, ठाऊक नाही. नकाशावर माझ्याभोवती आता अंतर सोडल्याचा एक गोल आहे म्हणे. खाली काय आहे ते जाणून घ्यावं असं मलाही वाटतं हो. मीसुद्धा खडक फोडूनच जन्मले, मी कुणाला नको कसं म्हणू?

तेव्हा शोधायला येणार असाल तर या. पण काही लिहायच्या आधी माझ्या दांडीला हात लावा. लांब, सावकाश, त्रेचाळीस टोले. तेवढ्यात कुणीतरी हंडा घेऊन येईलच. तिला विचारा.